भिंतीवरचं समाधान

आमच्या ह्यांचा धंदा हवेचा. हवा मारण्याचा नव्हे, हवा पोचवण्याचा. घरात एक मोठं यंत्र बसवायचं, तिथून पत्र्याचे चौकोनी डक्ट छतातून खोल्याखोल्यांत न्यायचे, आणि उन्हाळ्यात गार, थंडीत गरम हवा सोडायची. गल्लीत ह्यांना सगळे हवावाले म्हणायचे, म्हणजे मी आपोआप हवावालीण झाले. भाजी घेताना मी जरा घासाघीस केली की भाजीवाली म्हणायची, "हवावालीणबाई, हवा जरा कमी करा." मी म्हणायचे, "हवा नवऱ्याची आहे, पिशवी माझी आहे. नीट तोल." तेव्हा खरंच हवा होती आमची. आता काय बोलायचं!

माणूस तसा तिरसट. पत्रा कापून कापून हाताची बोटं चिरलेली, आणि जीभ त्याहून धारदार. कुणाच्या घरी गेलो की हे आधी वर हवेच्या जाळीकडे बघणार, मग घरातल्या माणसांकडे. एकदा एकांकडे सांत्वनाला गेलो होतो. बिचारी माणसं रडतायत, मी पदर डोळ्याला लावलेला, आणि हे आपले मान वर करून उभे. बाहेर आल्यावर मला म्हणतात कसे, "गेलेला गेला, त्याला इलाज नाही. पण हॉलची जाळी उलटी लावलीय, ती तर सरळ करता येईल ना?" मी तिथेच रस्त्यावर कपाळाला हात लावला.

ह्यांची खरी हुशारी वाटणीच्या कामात. सगळ्या घराला एकच हवा सोडली की भांडणं होतात. एकाला उकडतं, दुसऱ्याला हुडहुडी भरते. म्हणून प्रत्येक खोलीच्या डक्टमध्ये एक झडप बसवायची, तिला छोटी मोटर, आणि त्या खोलीच्या भिंतीवर तिचं बटण. खोलीतल्या माणसाने बटण फिरवलं की त्याच्यापुरती झडप उघडते किंवा मिटते. शिकलेली माणसं त्याला झोन म्हणतात. हे वाटणीच म्हणायचे. "जमिनीची वाटणी झाली की भाऊ तुटतात," म्हणायचे, "हवेची केली तर एका छपराखाली नांदतात." वाक्य इतकं आवडायचं स्वतःचं, की दर गिऱ्हाइकाला ऐकवायचे. मला पाठ झालं होतं.

आणि ह्या वाटणीतच ह्यांनी ते काढलं होतं. समाधान.

झालं असं, एका कचेरीत रोजची मारामारी. खिडकीजवळच्या बाईला गारठा, दाराजवळच्या साहेबाला घाम. ह्यांना रोज बोलावणं. झडप एकच, माणसं दहा, करणार काय? शेवटी ह्यांनी त्या बाईच्या डोक्यावर भिंतीला एक बटण ठोकलं. दिवा लागतो, आकडे वरखाली होतात, दिसायला अस्सल. आत मात्र नुसता एक सेल, झडपेकडे जाणारी तार नाही, काही नाही. बाईने दोन आकडे वाढवले आणि म्हणाली, "हां, आता कसं बरं वाटलं!" पुढे ती तक्रार करायला कधी आली नाही. हे घरी येऊन पोट धरधरून हसले. तेव्हापासून त्या खोट्या बटणाचं नाव समाधान. मदतनीसाला सांगायचे, "पान्या, त्या कोपऱ्यात एक समाधान ठोक."

पान्या म्हणजे ह्यांच्या हाताखाली तयार झालेला कारागीर. खिशात सदा पाना असायचा म्हणून पान्या. दोघांची एक खूण ठरलेली होती. खऱ्या बटणाच्या खालच्या कडेला दोन स्क्रू, समाधानाला एकच. उद्या आपलाच माणूस दुरुस्तीला गेला तर त्याने तार शोधत भिंत फोडायला नको. बोट फिरवलं की कळलं पाहिजे.

जेवताना ह्या समाधानाच्या गोष्टी निघायच्या. मुलगी कंटाळून उठायची, पण मुलगा! "बाबा, मग तो साहेब काय म्हणाला? बाबा, मग त्याला कळलं नाही?" हसून हसून त्याला ठसका लागायचा. मीच पाणी द्यायचे.

एकदाच मी चिडले होते. एका मोठ्या घरात काम चाललं होतं. त्या घरात एक म्हातारी, मागच्या खोलीत राहणारी. तिच्या मुलाने ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, आईच्या खोलीला वेगळी झडप नको, उगाच काम वाढतं, पण बटण मात्र लावा, नाहीतर ती डोकं खाईल. ह्यांनी लावलं समाधान. म्हातारीने बटणावरून हात फिरवला, ह्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि पाठीवर हात ठेवून म्हणाली, "माझ्या मुलाने माझी जशी काळजी घेतली ना बाळा, तशीच तुझा मुलगा तुझी घेवो."

ही गोष्टही ह्यांनी हसतच सांगितली. माझा घास तोंडातच राहिला. म्हटलं, "म्हाताऱ्या बाईच्या तोंडाला पानं पुसलीत आणि वर आशीर्वाद घेऊन आलात? लाज नाही वाटली?" तर म्हणे, "ती सुखी, तिचा मुलगा सुखी. तुझ्या पोटात का दुखतंय?" मुलगा फिदीफिदी हसला. मी त्याला एक धपाटा घातला. तेवढाच.

पुढे हे शिडीवरून पडले. कंबर सांधली, पण काम सुटलं. मग हातापायांत रक्त नीट पोचेना. जरा गारठा लागला की ह्यांची बोटं पांढरीफटक पडायची, मग निळी, आणि मग अशा कळा यायच्या की हा दगडासारखा माणूस ओठ चावून बसायचा. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, औषध दुय्यम, खोली उबदार पाहिजे. बोटं अशीच गारठत राहिली तर एखादं काढावं लागेल. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. देवाला हात जोडतानाही मी ह्यांची बोटंच मागायचे.

मुलगा तोवर मोठ्या नोकरीत. घरावर मजला चढवला, लग्न झालं, सून आली. आणि एक दिवस म्हणाला, "बाबा, सगळ्या घराला झोन करून घेऊया. जुनं यंत्र काढून टाकू."

अहो, ह्यांच्या अंगात काय संचारलं! आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांच्या वाटण्या केल्या, आमच्या घरात मात्र एक जुनाट यंत्र खडखडत होतं. सुताराच्या घरचा पाट मोडका, तसं. हे खडू घेऊन जमिनीवर बसले. पत्र्याची माणसं कागदावर नाही, फरशीवर आखतात. इथून डक्ट, इथे झडप, इथे वळण. सगळं घर खडूच्या रेघांनी भरलं. आमच्या खोलीत मोठा गोल काढला आणि मला म्हणाले, "ही आपली झडप. यंत्राच्या सगळ्यात जवळ. बटण इथे, पलंगावरून हात पोचेल असं. रात्री बोटं दुखली तर तुला उठवायला नको." मी म्हटलं, "आयुष्यात पहिल्यांदा माझी झोप आठवली तुम्हाला." मी केर काढताना त्या रेघांना वळसा घालून झाडायचे. कुणी पाय दिला तर अंगावर धावून जायचे.

मुलगा बघायचा, मान डोलवायचा. "हो बाबा. करू बाबा." मग म्हणाला, धूळ फार होईल, बाबांना सोसणार नाही, तुम्ही दोघं ताईकडे जाऊन या. काम पान्याकाकांनाच दिलंय. ह्यांना काय, पान्याचं नाव ऐकलं आणि निश्चिंत झाले. गेलो लेकीकडे. तिथेही जावयाला बसवून झडपांचं पुराण. जावई भला, ऐकून घेतो.

परत आलो तर घर नवंकोरं. फरशी लखलखीत, खडूची एक रेघ शिल्लक नाही. आमच्या खोलीत पलंगाशेजारी पांढरं चकचकीत बटण. मुलगा म्हणाला, "बाबा, बघा. तुमची वाटणी."

हे जवळ गेले. बटणाच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं, कपड्याचा पोत बघतात तसं. जरा थांबले. मग म्हणाले, "छान. झकास केलंय." मुलाने पाठीवर थाप मारली आणि वर निघून गेला. हे पलंगावर बसून बूट काढू लागले, तर नाडीच सुटेना. मीच सोडली.

थंडी पडली. वरच्या मजल्यावर सून बिनबाह्यांच्या झग्यात फिरते, हॉल उबदार, आणि आमची खोली म्हणजे विहिरीचा तळ. मी म्हणायचे, "अहो, खोली तापत नाही." हे उसळायचे, "तुला काय कळतं त्यातलं? नवीन झडप आहे, रुळायला वेळ लागतो." मग म्हणाले, वळण जास्त झालं असेल. मग म्हणाले, खिडकीतून हवा येते, कापड कोंब. कोंबलं. मुलगा डोकावला की हे मुद्दाम हात लांब करून बटण फिरवायचे. "दोन आकडे वाढवले रे. लगेच फरक पडतो." मुलगा घरात नसला की मात्र दिवसच्या दिवस बटणाला शिवायचे नाहीत. मला वाटायचं, बोटं दुखत असतील. मी मूर्ख.

एक दिवस पुसायला फडकं घेतलं आणि बटणावरून जरा जोरात फिरवलं, तर ते बटण एका बाजूला कललं. वाटलं, स्क्रू पडला वाटतं. खाली वाकून शोधला. पलंगाखाली हात घातला, फडक्याने सगळी जमीन चाचपली. आणि वाकलेलीच राहिले. खालून बटणाची कड दिसत होती, आणि तिच्यात दुसऱ्या स्क्रूला भोकच नव्हतं. पडणार कुठून? मुळात एकच होता.

माझ्या घरात. माझ्या पलंगाशेजारी. माझ्या नवऱ्याला. गुरूची विद्या गुरूलाच!

हे तेव्हा बाहेर उन्हात खुर्ची टाकून बसले होते. मी तडक स्वयंपाकघरात गेले. मुलगा आणि सून चहा घेत होते. मी म्हटलं, "आमच्या खोलीत समाधान ठोकलंस?"

तो आधी दचकला. मग, मी त्याची आई आहे म्हणून सांगते, तो हसला. लहानपणी हसायचा तसं. "आई, हळू बोल ना. अगं, बाबांचा स्वभाव माहीत नाही का तुला? खरं बटण दिलं तर दिवसभर फिरवत बसतील. एक झोन सारखा वरखाली झाला की सगळ्या घराचा तोल जातो. तुमची खोली हॉलला जोडलीय. हॉल तापला की तीही तापते थोडीफार."

"थोडीफार? त्यांची बोटं बघितलीस का तू?"

"बघतो ना. पुढच्या वर्षी बघतो. आणि ही युक्ती कुणाची, ते तरी आठव. ती सुखी, तिचा मुलगा सुखी. बाबाच म्हणाले होते. बाबा खूश आहेत की नाही? मग झालं तर."

त्याला ते वाक्य शब्दन् शब्द पाठ होतं. मी धपाटा घातला होता, ते मात्र विसरला होता.

सून कप हातात धरून उभी राहिली होती. तिला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं, तिच्या तोंडावरूनच कळलं. म्हणाली, "म्हणजे वरच्या पाहुण्यांच्या खोलीला खरं बटण आहे, आणि आईबाबांच्या खोलीला नाही?" तो म्हणाला, "पाहुण्यांना काय वाटेल?" सुनेने कप तसाच खाली ठेवला. त्या संध्याकाळपासून ती रोज गरम पाण्याची पिशवी आणून ह्यांच्या हातात द्यायला लागली. आणि तोंड वर करून बघायची नाही. परक्याची पोर, तिला लाज वाटली. मी नऊ महिने पोटात वाढवला, त्याला नाही वाटली. सुनांच्या कागाळ्या करणाऱ्या बायकांना मी आता गप्प बसवते.

ह्यांना सांगायचं कसं? सांगितलं तर माणूस मोडेल, नाही सांगितलं तर बोटं जातील. लेकीकडे चला म्हटलं, तर ऐकेनात. "माझं घर सोडून जावयाच्या दारात मरायला जाऊ?" मी रात्री ह्यांचे हात माझ्या काखेत धरून निजायचे. ह्या वयात, हसू नका.

मग पान्या आला. आता त्याची स्वतःची माणसं आहेत, गाडी आहे, केस पिकलेत. तरी ह्यांच्यासमोर खुर्चीच्या टोकावर बसतो. हे त्याला हाताला धरून खोलीत घेऊन गेले. म्हणाले, "बस रे. काम छान केलंस. झडप कुठे ठेवलीस आमची?"

पान्याने खिशातला पाना चाचपला. "वरच, उस्ताद. जिन्याच्या डोक्यावर."

"आणि तार?"

"भिंतीतून."

"भिंतीतून," हे म्हणाले. "बरं केलंस. उघडी तार वाईट दिसते." आणि मला म्हणाले, "त्याला चहा दे गं."

पान्याने चहा अर्धा टाकला. मी दारापर्यंत त्याच्यामागे गेले. वाटलं होतं, चांगली खरडपट्टी काढावी. तोंड उघडण्याआधी तोच म्हणाला, "वहिनी, मी नाही म्हटलं होतं. तो म्हणाला, तुम्ही नाही केलंत तर दुसरा करेल. दुसऱ्याने दोन स्क्रू लावले असते. दोन लावले असते तर उस्तादला जन्मात कळलं नसतं. मला एकच लावावासा वाटला." आणि पायात चपला न घालता, हातात घेऊनच चालायला लागला.

मी दारात उभी. दोन लावले असते तर कळलं नसतं. म्हणजे एक लावला म्हणून कळलं. खालच्या कडेवरून फिरवलेलं ते बोट माझ्या डोळ्यांपुढे आलं. ती न सुटलेली नाडी आली. पहिल्याच दिवशी, अहो, पहिल्याच दिवशी! आणि हा माणूस सगळी थंडी माझ्याशी झडप रुळण्याच्या गोष्टी करत बसला. मुलाची अब्रू माझ्यापासून झाकत बसला. मला इतका राग आला आणि इतकं रडू आलं की आधी काय करावं तेच कळेना.

खोलीत गेले. हे भिंतीकडे बघत बसले होते. पाण्याची पिशवी मांडीवर, गार झालेली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती म्हातारी आठवते का गं तुला? मागच्या खोलीतली?"

मी म्हटलं, "आठवते."

"तिला कळलं होतं का गं?"

काय सांगणार? खोटं बोलायला जीभ उचलेना. म्हटलं, "बटणावरून हात फिरवून तुमच्या तोंडाकडे बघितलं होतं ना तिने? मग कळलंच असणार."

ह्यांनी गार पिशवी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "तरी पाठीवर हात ठेवला."

तेवढ्यात जिन्यावर मुलाची पावलं वाजली. दारातून डोकावला, कोट घातलेला, बाहेर निघालेला. "काय बाबा, पान्याकाका येऊन गेले म्हणे? खोली बरी आहे ना आता? काही अडचण?"

मी उठलेच. आज सगळं बोलणार होते, पार त्याच्या जन्मापासूनचं. ह्यांनी एका हाताने बटण दोन आकड्यांनी वाढवलं आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट पकडून मला खाली बसवलं.

"झकास आहे रे," हे म्हणाले. "चांगली ऊब येते."

मुलगा हसून गेला. ह्यांनी माझं मनगट सोडलं नाही. ती बोटं इतकी गार होती, की मला ती सोडवून घ्यायचा धीर झाला नाही.